नव्या बुटाचे नऊ दिवस

‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण ज्याने काढली, त्याने वर्कशॉपसाठी कधी कातडी सेफ्टी शूज घेतले नसावेत! नवी गाडी, नवा मोबाईल, नवी मैत्री यांना ती लागू पडते. नऊ दिवस कौतुक, मग आहेच. बुटाचं नेमकं उलटं. पहिले नऊ दिवस टाचेला फोड, करंगळीला रग, जिना उतरताना कठड्याचा आधार. आणि दहाव्या दिवसापासून हळूहळू प्रेम जमायला लागतं. दर वर्षी सेकंड इयरची पोरं नवे बूट घेऊन येतात, तेव्हा आठवडाभर आमची अख्खी विंग बदकासारखी चालते. मेसच्या रांगेत सेकंड इयरचा कोण, हे ओळखायला आयकार्ड लागत नाही.

मी मेकॅनिकलचा. त्यामुळे फोडावर पट्टी लावून झाली की त्याचं कारण शोधायची खोड. कातडं तर मऊ असतं, मग नवा बूट लाकडासारखा का लागतो? आणि महिन्याभराने तोच बूट पायात आहे हेसुद्धा आपण कसं विसरतो? ही उत्तरं शोधताना मला एक माणूस भेटला. म्हणजे पुस्तकात भेटला. तो वारला 1889 साली. यान अर्न्स्ट मात्झेलिगर त्याचं नाव. अमेरिकेत त्याच्या नावाचा पूल आहे, टपाल तिकीट निघालंय, नामवंत शोधकांच्या यादीत तो आहे. आपण मात्र रोज त्याच्या कामावर उभे राहतो आणि नाव ऐकलेलं नसतं. म्हणून हा लेख.

आधी प्रॉब्लेम समजून घेऊ. कातडं म्हणजे सपाट शीट. पायाला तर शोधूनही सपाट जागा सापडत नाही. सपाट शीटपासून पायाच्या आकाराचं भांडं करायचं, हा बुटाचा सगळा खेळ. त्यासाठी बूट करणारे पायाच्या आकाराचा एक ठोकळा वापरतात, त्याला फर्मा म्हणतात. शिवून तयार झालेलं वरचं कातडं या फर्म्यावर टोपीसारखं चढवायचं, चारी बाजूंनी खाली ओढायचं, कडा तळाखाली दुमडायच्या आणि आतल्या तळाला चुका मारून पक्क्या करायच्या. (चुका म्हणजे बारीक खिळे. व्हायवातल्या नव्हेत!) मग त्याखाली सोल बसवायचा.

ऐकायला सोपं आहे. पण ज्यांनी डीप ड्रॉइंग शिकलंय त्यांना अडचण लगेच कळेल. सपाट गोल पत्र्याचा पेला करायला गेलं की काठाला सुरकुत्या पडतात, कारण बाहेरच्या मोठ्या परिघाला आतल्या छोट्या परिघात मावायचं असतं. बुटाच्या पुढच्या टोकाला आणि टाचेला हेच होतं. जादा कातडं जायचं कुठे? त्याच्या बारीक, एकसारख्या चुण्या घालाव्या लागतात, त्याही तळाखाली दडतील अशा. एखादी चुणी जाड राहिली तर ती पायाला टोचते. ओढ कमी पडली तर बूट फुगलेला दिसतो, जास्त झाली तर कातडं फाटतं. शिवाय कातड्याचे दोन तुकडे कधी सारखे नसतात. जनावराच्या पाठीचं कातडं कमी ताणतं, पोटाकडचं जास्त. म्हणजे चिमट्याच्या दर ओढीला जोर वेगळा. हे काम करणाऱ्या माणसाच्या बोटांतच सेन्सर होते म्हणा ना.

आता अमेरिकेत चला. बोस्टनच्या उत्तरेला, समुद्रकाठी लिन नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकात हे बुटांचं गाव म्हणून देशभर प्रसिद्ध होतं. तिथे एकेक काम यंत्रावर जात होतं. 1846 साली इलायस हाउ याने शिलाई यंत्राचं पेटंट घेतलं, 1858 साली लायमन ब्लेक याने सोल शिवणाऱ्या यंत्राचं. हे दुसरं यंत्र पुढे मके या उद्योजकाच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. वरचा भाग शिवणं यंत्रावर गेलं, सोल शिवणं यंत्रावर गेलं. हातावर राहिलं ते मधलं काम, कातडं फर्म्यावर ताणून बसवण्याचं. कसलेला कारागीर दहा तासांच्या दिवसात साधारण 50 जोड करी.

इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरला आपण बॉटलनेक म्हणून जे पाठ करतो, ते हेच. आजूबाजूची यंत्रं कितीही पळोत, कारखान्याच्या दारातून बूट बाहेर पडायचे ते या माणसांच्या बोटांच्या वेगाने. साहजिकच त्यांचा रुबाब होता, मजुरी चांगली होती, संघटना मजबूत होती. ते बसले की कारखाना बसला. हे काम बोटांचं आहे, यंत्राला बोटं नसतात, तेव्हा आपल्याला मरण नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. मालकांचीही तीच होती. यंत्र करण्याचे प्रयत्न झाले होते आणि फसले होते.

1877 च्या सुमाराला या गावात एक पंचविशीतला परका तरुण कामाच्या शोधात आला. तोच आपला यान.

त्याचा जन्म 15 सप्टेंबर 1852 चा, पारामारिबोचा. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सुरिनाम नावाचा छोटा देश आहे, त्याची ही राजधानी. तेव्हा ती डचांची वसाहत होती. वडील डच, पेशाने इंजिनिअर, तिथल्या सरकारी यंत्रशाळांचे प्रमुख. आई आफ्रिकन वंशाची, गुलामगिरीतली. सुरिनाममधली गुलामगिरी कायद्याने संपली 1 जुलै 1863 रोजी, तेव्हा यान दहा वर्षांचा होता. म्हणजे ज्या गावात वडिलांच्या शब्दाला मान होता, त्याच गावात आईचे भाऊबंद विकत घेतले जात होते. लहानपण त्याचं वडिलांकडच्या आत्याच्या घरी गेलं. दहाव्या वर्षी तो यंत्रशाळेत काम शिकायला लागला. लेथ, भट्टी, दुरुस्ती; आपल्या पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमधलं सगळं, फक्त जर्नल आणि सबमिशनशिवाय.

एकोणिसाव्या वर्षी तो व्यापारी जहाजावर नोकरीला लागला आणि घर सोडलं ते कायमचं. (योगायोग बघा, भारतातून मजुरांना घेऊन आलेलं पहिलं जहाज सुरिनामला लागलं 1873 साली. तोवर हा निघून गेला होता.) दोनएक वर्षं समुद्रावर काढून तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला उतरला. तिथे मिळेल ते काम केलं. अमेरिकेतली गुलामगिरी 1865 सालीच संपली होती, पण काळ्या माणसाला यंत्रावर उभं करायला मालक सहजासहजी तयार नसत. हात तयार होता, काम येत होतं, आणि दार उघडत नव्हतं. फिरत फिरत तो लिनला आला. इथेही बऱ्याच ठिकाणी फिरल्यावर हार्नी यांच्या बूट कारखान्यात त्याला मके यंत्र चालवायचं काम मिळालं.

गावात त्याचं कुणी नव्हतं. मातृभाषा डच, इंग्रजी मोडकंतोडकं. दिवसा कारखाना, संध्याकाळी रात्रशाळा, असं करून त्याने इंग्रजी पक्कं केलं. पगारातून वाचवून यंत्रशास्त्राची पुस्तकं आणि ड्रॉइंगची साधनं घेतली. चित्रं छान काढायचा, इतरांनाही रंगकाम शिकवायचा. तो धार्मिक होता. गावातल्या काही चर्चनी त्याला रंगावरून दार दाखवलं. शेवटी नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चच्या तरुण मंडळींनी त्याला आपल्यात घेतलं. नव्या गावात बसायला, आपलासा व्हायला त्याला किती दिवस लागले असतील? नऊ नक्कीच नव्हेत.

कारखान्यात त्याचं यंत्र त्या ताणकाम करणाऱ्या कारागिरांचीच वाट बघायचं. त्यांनी फर्म्यावर बसवलेले बूट आले की हा सोल शिवणार. म्हणजे बॉटलनेकच्या पुढचं स्टेशन याचं. मोकळ्या वेळात तो त्यांचे हात बघत बसे. उजवा हात चिमट्याने कातडं कसं पकडतो, किती ओढतो, मनगट कुठल्या क्षणी वळतं, अंगठा चुणी कशी दाबतो, चूक कुठे ठोकली जाते, मग फर्मा किती सरकतो. आपण यंत्र डिझाइन करायचं म्हटलं की आधी स्केच काढतो. यानने आधी हात पाहिले, तेही महिनोन्महिने. माझ्या मते त्याच्या शोधाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग इथेच झाला. त्याच्या आधी फसलेले लोक यंत्राने कातडं कसं ताणावं याचा विचार करत होते. हा माणूस, तेच काम करणारा हात टप्प्याटप्प्याने काय करतो, याची यादी करत होता.

रात्री एका भाड्याच्या खोलीत काम सुरू झालं. पहिलं मॉडेल सिगारच्या खोक्यांचं लाकूड, तारा आणि भंगार यांचं. पैसे नव्हतेच; रोजच्या जेवणाला तो काही सेंट खर्च करायचा, असं त्याच्या चरित्रांत सांगतात. तसलं ते खोक्याचं मॉडेल पाहूनही एकाने 50 डॉलर देऊ केले, याने नाही म्हटलं. पुढे जुन्या, टाकून दिलेल्या यंत्रांचे भाग जमवून, कानस आणि भट्टी चालवून त्याने लोखंडी मॉडेल केलं. त्यातल्या चुण्या घालणाऱ्या भागापुरते 1500 डॉलर देऊ केले गेले, तेही त्याने नाकारले, अशी हकीकत आहे. आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकत मिळतो. विकणाऱ्या बाजूला उभं राहून, पोट खपाटीला गेलेलं असताना नाही म्हणणं किती अवघड असेल, याचा विचार मेसचं बिल थकलेल्या महिन्यात करून पाहावा.

पण फुकट काहीच मिळालं नाही. पूर्ण आकाराचं, कारखान्यात चालेल असं यंत्र करायला भांडवल हवं. लिनमधल्याच मेल्व्हिल निकोल्स आणि चार्ल्स डेल्नो या दोघांनी पैसे घातले, बदल्यात यंत्रातला दोन तृतीयांश हिस्सा घेतला. वर्षानुवर्षांच्या जागरणांचा एक तृतीयांश मालक म्हणून यान उरला.

मग पेटंट. त्याने वॉशिंग्टनला पाठवलेली ड्रॉइंग्ज इतकी गुंतागुंतीची होती की पेटंट कार्यालयातल्या लोकांना ती उलगडेनात. यंत्र खरंच चालतं का, हे डोळ्यांनी बघायला त्यांनी एक माणूस लिनला धाडला, असं सांगतात. त्याने पाहिलं, आणि 20 मार्च 1883 रोजी अमेरिकेचं 274207 क्रमांकाचं पेटंट मिळालं. यान तेव्हा तीस वर्षांचा होता. डिग्री नाही, गाईड नाही, लॅब नाही.

यंत्र करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. फर्म्यावर चढवलेला बूट त्यात बसवायचा. यंत्राचा चिमटा कातड्याची कड पकडतो, खाली ओढतो, दुमडतो. वरून चूक येते आणि ठोकली जाते. बूट एक पाऊल पुढे सरकतो, चिमटा पुन्हा पकडतो. पुढच्या टोकाला आणि टाचेला आला की चिमटा किंचित वळतो आणि चुणी घालतो, अगदी कारागिराचं मनगट वळायचं तसा. पकडणं, ओढणं, वळणं, ठोकणं, सरकणं: प्रत्येक हालचाल वेगळी, आणि सगळ्या एकाच शाफ्टच्या फेऱ्यात, आपापल्या वेळेला. ज्यांनी कॅम आणि फॉलोअरचे डायग्राम शीटवर काढलेत त्यांनी कल्पना करावी की अशा पाचसहा हालचालींचा ताळमेळ खोलीत एकट्याने, कंदिलाच्या उजेडात घालायचा आहे.

29 मे 1885 रोजी कारखान्यात जाहीर चाचणी झाली. दिवसभरात यंत्राने 75 जोड बसवले, एकही न बिघडता. पुढे सुधारणा होत गेल्या आणि कामाच्या प्रकारानुसार हा आकडा दिवसाला 150 ते 700 जोडांपर्यंत गेला. माणसाचे 50 आठवतात ना? बूट स्वस्त झाले. कामगाराच्या, शेतमजुराच्या, शाळेतल्या पोराच्या पायात कातडी बूट येऊ लागला तो अशा यंत्रांमुळे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्यांचे हात पाहून यान शिकला, त्याच हातांची किंमत त्याच्या यंत्राने उतरवली. त्या कारागिरांनी विरोध केला, आणि तो समजण्यासारखा होता. वीस वर्षं घालवून बोटांत आणलेली विद्या एका लोखंडी चिमट्याने सहा महिन्यांत शिकावी, हे पचवणं कुणालाही जड जाईल. यान काही मालक नव्हता. तोही त्याच शॉप फ्लोअरवरचा कामगार. ऑटोमेशनवर ग्रुप डिस्कशन झालं की आपण नोकऱ्या जातील की वाढतील एवढंच भांडतो. मला वाटतं, ज्याच्या हातचं काम आपण यंत्रात घालतोय तो माणूस कोण आहे, एवढं तरी इंजिनिअरला ठाऊक असावं. यानला ते होतं. त्यांच्या शेजारी उभं राहूनच त्याने ते यंत्र केलं होतं.

पैसा आला तो मोठ्या कंपनीकडे. नवे भांडवलदार आले, मोठी कंपनी उभी राहिली, आणि पेटंटच्या मोबदल्यात यानला तिचे शेअर मिळाले. पुढे 1899 साली या कंपनीसह बूट-यंत्रांच्या मोठ्या कंपन्या एकत्र येऊन युनायटेड शू मशिनरी कंपनी झाली. तिने यंत्रं विकण्याऐवजी भाड्याने द्यायची पद्धत चालवली आणि अमेरिकेच्या बूटधंद्यावर अनेक दशकं पकड ठेवली. यानने यातलं काही पाहिलं नाही.

1886 च्या उन्हाळ्यात तो पावसात भिजला, सर्दी झाली आणि ती हटेना. निदान निघालं क्षयाचं. रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू 1882 सालीच दाखवून दिला होता, पण त्यावरचं पहिलं खरं औषध सापडायला 1943 साल उजाडायचं होतं. उपासमार, जागरणं, बंद खोलीतली धूळ. शरीर आधीच पोखरलेलं होतं. अंथरुणावर पडूनही तो चित्रं काढत राहिला आणि यंत्रांचे नवे भाग आखत राहिला. चुका एकेक करून पुढे देणाऱ्या यंत्रणेची पेटंटं त्याच्या नावावर आहेत; त्यांतली काही तर त्याच्या मृत्यूनंतर मंजूर झाली. 24 ऑगस्ट 1889 रोजी लिनच्या इस्पितळात तो गेला. सदतिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. लग्न झालेलं नव्हतं.

मृत्युपत्रात त्याने आपल्या शेअरचा मोठा वाटा ठेवला तो ज्यांनी त्याला आपल्यात घेतलं त्या नॉर्थ काँग्रिगेशनल चर्चला. पुढे त्याच पैशातून चर्चचं कर्ज फिटलं. देश त्याला विसरला होता, पण कायमचा नाही. 1984 साली लिनमधल्या एका पुलाला त्याचं नाव दिलं गेलं. 1991 साली अमेरिकेने त्याच्यावर 29 सेंटचं तिकीट काढलं. 2006 साली त्याचं नाव शोधकांच्या राष्ट्रीय सन्मान-यादीत गेलं.

आणि या गोष्टीचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. 1904 साली युरोपातल्या झ्लिन गावचा एक तरुण बूटवाला अमेरिकन कारखाने शिकायला याच लिनमध्ये येऊन साधा कामगार म्हणून राबला. तो टोमास बाटा. यंत्रावरचे बूट करण्याची रीत तो घरी घेऊन गेला, आणि 1930 च्या दशकात त्याच्या कंपनीने कोलकात्याजवळ बाटानगर वसवलं. आपल्या आजोबांच्या पायात आलेला पहिला कारखान्यातला बूट बहुधा याच वाटेने आला.

आता पुन्हा आपल्या फोडाकडे. यानची गोष्ट कळल्यावर मला बूट चावण्याचं कारण नीट उमगलं. कातडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंची गुंतवळ. ते ताणून धरलं की सुरुवातीला जोर मोठा लागतो, मग तंतू हळूहळू सरकून बसतात आणि तोच ताण कमी जोरात टिकतो. मटेरियल सायन्समध्ये याला स्ट्रेस रिलॅक्सेशन म्हणतात. ओल आणि ऊब असली की हे लवकर होतं. म्हणून तर बूट ताणल्यावर काही काळ फर्म्यावरच ठेवतात. कातड्याने फर्म्याचा आकार लक्षात ठेवावा यासाठी. आता अडचण ही की फर्मा हजारो पायांची सरासरी काढून केलेला असतो, आणि सरासरीचा पाय कुणालाच नसतो! तुमचा घोटा, तुमचं करंगळीजवळचं हाड, तुमची टाच त्या कातड्याला नवीन असते. बूट रुळवायचा म्हणजे तेच ताणकाम दुसऱ्यांदा करायचं. या वेळी फर्मा म्हणजे तुमचा पाय, आणि ऊब नि ओलही त्याचीच. यंत्र नाही, तेव्हा वेळ लागणारच.

मग करायचं काय? अनुभवाने आणि वाचून जमलेलं सांगतो.

पहिलं म्हणजे बूट संध्याकाळी घ्यावा. दिवसभर उभं राहून पाय थोडा सुजलेला असतो; सकाळच्या मापाचा बूट दुपारनंतर आवळतो. जे मोजे वर्कशॉपला घालणार, तेच घालून माप बघावं. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

दुसरं, काय रुळतं आणि काय रुळत नाही हे ओळखावं. सेफ्टी शूजच्या पुढच्या टोपीला 200 जूलचा आघात सोसावा लागतो, म्हणजे 20 किलोचं वजन साधारण एक मीटरवरून पडल्याएवढा. ती टोपी तुमच्या बोटांसाठी एक मिलिमीटरसुद्धा सरकणार नाही, आणि सरकू नये म्हणूनच ती आहे. बोटं टोपीला घासत असतील तर नऊ काय, नव्वद दिवसांनीही घासतील. त्या बुटाचं माप चुकलंय, दुकानदाराशी भांडून बदलून आणा. टाचेला घासणं, चवड्याजवळ घडी टोचणं, घोट्याला कड लागणं, हे मात्र रुळण्यासारखं आहे.

तिसरं, हप्त्याहप्त्याने घाला. पहिले दोनतीन दिवस रूमवर तासभर, मग दोन तास, मग मेसपर्यंत चक्कर, मग अर्धा दिवस. बूट चवड्याजवळ वाकतो, तिथे घालण्याआधी हातांनी वीसएक वेळा वाकवून घ्यावा. जाड सुती किंवा लोकरीचे मोजे घाला. नाडी घोट्याजवळ घट्ट आणि बोटांकडे सैल बांधा. टाच आत वरखाली सरकते म्हणून फोड येतो, आवळल्यामुळे येतो असं नाही. लाल झालेल्या जागी फोड यायच्या आधीच चिकटपट्टी लावा. आलाच तर फोडू नका. आणि इंडस्ट्रियल व्हिजिटच्या दिवशी पहिल्यांदा नवा बूट घालणाऱ्याला परमेश्वरच वाचवो.

चौथं, हॉस्टेलमधले जालीम उपाय टाळा. बादलीत भिजवणं, इस्त्री फिरवणं, हीटरपुढे ठेवणं, मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर वाळवणं, यांनी कातड्यातलं मूळचं तेल जातं, ते तडकतं आणि सोलचा चिकट सुटतो. कोल्हापुरीला आपण तेल पाजतो तसं इथे पाजून उपयोग नाही. कोल्हापुरीचं कातडं वनस्पतींच्या अर्कात कमावलेलं आणि उघडं असतं, ते तेल पितं. बऱ्याच सेफ्टी शूजच्या कातड्यावर छापील दाणे आणि रंगाचा थर असतो. तेल वरच राहतं आणि धूळ धरतं. आठवड्यातून एकदा कापडाने थोडं बुटाचं क्रीम पुरे. रात्री आत रद्दी कोंबून ठेवा, घामाची ओल शोषली जाते आणि आकारही राहतो.

एवढं केलंत की दोनतीन आठवड्यांत बूट तुमचा होतो. फक्त तुमचा. रूममेटला उसना द्यायची तेव्हा इच्छाही होणार नाही, कारण त्याच्या पायाला तो पुन्हा परका असेल.

शेवटी एक घरबसल्या प्रॅक्टिकल. सोल सुटलेला कातडी बूट हॉस्टेलमध्ये कुणाच्या ना कुणाच्या खाटेखाली सापडतोच. टाकून द्यायच्या आधी तो उलटा करा आणि लोंबणारा सोल बाजूला करून टोकाकडे पाहा. आजकाल चुकांऐवजी बहुतेक ठिकाणी गरम चिकट वापरतात, काही बूट तर वेगळ्याच रीतीने शिवलेले असतात. पण बऱ्याच बुटांत तळाखाली दुमडलेली कातड्याची कड दिसेल आणि तिच्यावर बारीक, ओळीने घातलेल्या चुण्या. त्यांवरून बोट फिरवून बघा. लिनच्या त्या कारागिरांच्या अंगठ्याची ती हालचाल आहे, यानने रात्री जागून यंत्राला शिकवलेली.